पूल न झालेले बेट

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत वाळूच्या बेटांची जी रांग आहे, तिच्यातील सर्वांत दक्षिणेकडचे आणि सर्वांत मोठे बेट म्हणजे कंबरलँड. त्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे २८ किलोमीटर असून रुंदी रुंदात रुंद जागीही पाच किलोमीटरच्या आसपासच भरते. भोवतालच्या खाऱ्या दलदली धरून त्याचे क्षेत्र ३६ हजार एकरांहून थोडे अधिक आहे. भूगोलात अशा बेटांना रोधक बेटे म्हणतात. किनाऱ्याला समांतर पसरलेली ही वाळूची, लांबट बेटे समुद्राचा मारा स्वतः झेलतात आणि त्यांच्या आडोशाला, मुख्य भूमीच्या बाजूस, शांत पाण्याच्या खाड्या व खाजणे तयार होतात. कंबरलँड आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पूल नाही. सेंट मेरीज या गावाच्या धक्क्यावरून सुटणारी फेरीबोट प्रवाशांना साधारण पाऊण तासात बेटावर पोहोचवते. प्रवाशांना मोटार नेता येत नाही, उतरल्यावर दुकान नाही, डांबरी रस्ता नाही, आणि एका दिवशी बेटावर येऊ द्यायच्या माणसांची मर्यादा गेली अनेक दशके सुमारे तीनशेची राहिली आहे.

अशा ठिकाणी पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याला ही भूमी मुळापासून अशीच असावी, माणसाचा हात तिला कधी लागलाच नसावा, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण इतिहास त्या समजुतीला दुजोरा देत नाही. या बेटावर माणसाचा वावर सुमारे चार हजार वर्षांचा आहे, येथे दोन युरोपीय साम्राज्यांनी एकमेकांविरुद्ध ठाणी रोवली, शेकडो गुलामांच्या श्रमावर कापूस पिकला, आणि आज ज्याला अरण्य म्हटले जाते त्याचा बराच भाग ओसाड पडलेल्या शेतांवर पुन्हा वाढलेला आहे. येथील शांतता निसर्गाने दिलेली नसून माणसांच्या निर्णयांतून, आणि काही माणसांच्या विस्थापनातून, घडलेली आहे.

बेटाचा गाभा हिमयुगातील जुन्या वाळूचा आहे आणि त्याच्या समुद्राकडील बाजूस गेल्या चार-पाच हजार वर्षांत, समुद्राची पातळी स्थिरावू लागल्यानंतर, नव्या वाळूचा पट्टा येऊन चिकटला. पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेल्यास हे वय पायाखाली वाचता येते: प्रथम विस्तीर्ण पुळण, मग वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्या मागे खाऱ्या वाऱ्याने छाटल्यासारखी एका उताराची झालेली झाडी, मग लाइव्ह ओक या सदाहरित वृक्षाचे घनदाट रान आणि शेवटी भरती-ओहोटीच्या पाण्याखाली रोज दोनदा जाणारे गवताळ खाजण. या भागात भरतीचे पाणी दोन मीटर किंवा त्याहूनही अधिक चढते, त्यामुळे खाजणात गाळ आणि अन्नद्रव्ये सतत खेळती राहतात. कोळंबी, खेकडे आणि कालवे यांची समृद्धी याच खेळत्या पाण्यावर उभी आहे.

त्या समृद्धीमुळेच माणूस येथे टिकला. टिमुक्वा भाषा बोलणाऱ्या लोकांची वस्ती बेटावर होती आणि त्यांच्या मुख्य गावाला व मुखियाच्या सत्तेला ताकाताकुरू म्हणत. खाऊन टाकलेल्या कालवांच्या शिंपांचे त्यांनी व त्यांच्या पूर्वजांनी रचलेले ढीग काही ठिकाणी टेकड्यांएवढे झाले होते. स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मप्रसारकांनी १५८७ मध्ये येथे सान पेद्रो दे मोकामा हे मिशन स्थापन केले. मिशन म्हणजे चर्च, पाद्र्याचे निवासस्थान आणि त्याभोवती धर्मांतरितांचे गाव अशी रचना. दहा वर्षांनी उत्तरेकडील ग्वाले लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांच्या होड्या या बेटावरही चालून आल्या आणि बेटावरील टिमुक्वांनीच त्यांना परतवले. युरोपातून आलेले रोग, समुद्री चाच्यांचे हल्ले आणि इंग्रज वसाहतींच्या पाठबळावर गुलाम पकडण्यासाठी पडणाऱ्या धाडी यांनी पुढच्या शतकभरात ही वस्ती नामशेष केली. स्पेनने १७६३ मध्ये फ्लोरिडा सोडला, तेव्हा उरलेल्या मूठभर टिमुक्वांना क्यूबाला नेण्यात आले. बेटाचा सर्वांत दीर्घ मानवी अध्याय तेथे संपतो, आणि त्याविषयी लिहिलेले सर्वांत कमी आहे.

इंग्रजांच्या बाजूने जेम्स ऑगलथॉर्प याने १७३६ पासून बेटावर किल्ले बांधले. बेटाचे आजचे नाव याच काळातले; इंग्लंडला जाऊन आलेल्या तूनाहोवी या यामाक्रॉ जमातीच्या तरुणाने ड्यूक ऑफ कंबरलँड या राजपुत्राच्या नावावरून ते सुचवले, असे सांगितले जाते. लष्करी महत्त्व मात्र फार टिकले नाही. बेटाचे खरे मोल पुढे झाडांनी आणि नंतर मातीने ठरवले.

लाइव्ह ओकचे लाकूड अतिशय जड, घट्ट आणि कुजण्यास चिवट असते, आणि त्याच्या आडव्या, बाक घेतलेल्या फांद्यांतून जहाजाच्या सांगाड्याला लागणारे वळणदार तुकडे जोड न देता काढता येतात. अमेरिकेच्या नौदलाची पहिली मोठी लढाऊ गलबते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बांधली गेली, तेव्हा त्यांच्यासाठी लाकूड जॉर्जियाच्या बेटांवरून तोडून नेले गेले. स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी नॅथनियल ग्रीन याने १७८३ मध्ये कंबरलँडवरील जमिनीत भांडवल घातले ते या लाकडाच्या आशेनेच; युद्धकाळात अंगावर आलेले कर्ज त्याला फेडायचे होते. तो १७८६ मध्ये वारला आणि त्याची विधवा कॅथरीन हिने दुसऱ्या पतीसह बेटाच्या दक्षिण टोकाला, १८०३ च्या सुमारास, डंजनेस नावाचा चार मजली वाडा उभा केला.

या वाड्याच्या भिंती टॅबी नावाच्या मिश्रणाच्या होत्या आणि त्यांची कृती लक्षात घेण्याजोगी आहे. कालवांच्या शिंपा लाकडाच्या रचलेल्या ढिगात भाजून त्यांचा चुना काढत, त्यात वाळू, पाणी आणि अख्ख्या शिंपा कालवत आणि तो गिलावा फळ्यांच्या साच्यात थराथराने ओतून ठासत. एक थर वाळला की साचा वर सरकवायचा आणि पुढचा थर घालायचा. बेटावर दगड नाही, त्यामुळे दुसरा सोयीचा पर्यायही नव्हता. त्यासाठी लागणाऱ्या शिंपा टिमुक्वांच्या जुन्या ढिगांतून मिळत. डंजनेसचा वाडा उभा राहिला तोही अशाच एका ढिगाऱ्यावर. संपवल्या गेलेल्या लोकांच्या चुलीवरचे अवशेष मळेवाल्यांच्या घराचा पाया आणि भिंत दोन्ही झाले, आणि ते बांधणारे हात आफ्रिकी गुलामांचे होते. त्या काळातील टॅबीचे एक छोटे घर अजून उभे आहे; त्याच्या पृष्ठभागावर उघड्या पडलेल्या शिंपांच्या कडा बोटाला लागतात.

कापसाचा जो वाण या बेटांवर पिके, त्याला सी आयलंड कापूस म्हणत. त्याचा धागा लांब, रेशमासारखा मऊ आणि महाग. उत्तम मलमल व लेस यांसाठी त्याला इंग्लंडच्या गिरण्यांतून मागणी असे. एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे प्रसिद्ध यंत्र तयार केले ते कॅथरीन ग्रीनच्याच सव्हानाजवळच्या मळ्यावर पाहुणा असताना. परंतु ते यंत्र आखूड धाग्याच्या कापसासाठी होते. लांब धागा त्याच्या दात्यांत तुटत असल्याने बेटांवर दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवणारी यंत्रेच चालत, म्हणजे भारतातील चरखी ज्या तत्त्वावर चालते तेच तत्त्व. कापसाने या किनाऱ्याचा आणि मुंबईचा आणखी एक संबंध जोडला: १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, तेव्हा मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला, खानदेश-वऱ्हाडातील कापसाला कधी नव्हता तो भाव मिळाला आणि युद्ध संपताच ती सट्टेबाजी कोसळली.

त्या युद्धाच्या अर्धे शतक आधी बेटावर एक घटना घडली, जिची आठवण बेटाच्या परिचयात पुरेशी ठेवली जात नाही. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात १८१२ मध्ये सुरू झालेल्या युद्धाच्या अखेरीस, जानेवारी १८१५ मध्ये, रिअर अॅडमिरल जॉर्ज कोबर्न याच्या ब्रिटिश आरमाराने कंबरलँड ताब्यात घेतले आणि डंजनेसमध्ये मुख्यालय थाटले. ब्रिटिशांकडे येणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य मिळेल असे आधीच जाहीर झाले होते. त्यामुळे आसपासच्या बेटांवरून आणि मुख्य भूमीवरून होड्यांनी, रात्रीच्या अंधारात, कुटुंबेच्या कुटुंबे कंबरलँडला येऊ लागली. तहावर सह्या डिसेंबरमध्येच झाल्या होत्या, पण बातमी समुद्रापार पोहोचायला आठवडे लागले. तहानुसार ब्रिटिशांनी ताब्यातील मालमत्ता परत करायची होती आणि अमेरिकी मळेवाले गुलामांनाही त्याच मालमत्तेत मोजत. कोबर्नने तहाच्या कलमाचा अगदी अरुंद अर्थ लावला: मुळात या बेटावरच्या आणि तहाला मान्यता मिळाली त्या क्षणी बेटावरच असलेल्या थोड्या लोकांपुरतेच ते कलम लागू आहे, बाकीचे, विशेषतः जहाजावर चढलेले, परत दिले जाणार नाहीत. सुमारे दीड हजार माणसे अशा रीतीने मुक्त होऊन बर्म्युडा, नोव्हा स्कोशिया आणि पुढे त्रिनिदादकडे गेली. ब्रिटिशांच्या सैन्यात लढलेल्यांना त्रिनिदादमध्ये जमिनी मिळाल्या आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. मळेवाल्यांचा भरपाईचा दावा रशियाच्या झारच्या लवादापर्यंत गेला आणि १८२६ मध्ये ब्रिटनने सर्व किनाऱ्यावरील अशा दाव्यांपोटी सुमारे १२ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ज्या बेटाकडे आज लोक एकांतासाठी जातात, ते काही आठवडे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील गुलामांसाठी स्वातंत्र्याचा दरवाजा होते. कंबरलँडच्या इतिहासातील याहून मोठी घटना दाखवता येणार नाही.

दरवाजा बंद झाल्यावर कापूस पुन्हा सुरू झाला. रॉबर्ट स्टॅफर्ड या मळेवाल्याने बेटाचा मोठा भाग हळूहळू विकत घेतला आणि एका टप्प्यावर त्याच्याकडे साडेतीनशेच्या आसपास गुलाम होते. एलिझाबेथ बर्नार्डी ही रोग्यांची शुश्रूषा करणारी, स्वतः गुलामीत असलेली स्त्री त्याच्या सहा मुलांची आई झाली. त्याने तिला व मुलांना पुढे उत्तरेस कनेक्टिकटला नेऊन ठेवले, परंतु मळ्यावरील इतरांच्या गुलामीत त्यामुळे काही फरक पडला नाही. त्याच्या गुलामांच्या झोपड्या लाकडाच्या होत्या, त्या केव्हाच गेल्या. विटा-चुन्याची धुराडी मात्र रांगेने उभी राहिली आहेत. दोन ओळींत, ठरावीक अंतरावर, प्रत्येकाखाली चुलीचे काळवंडलेले तोंड, आणि भोवती घर नाही. मळ्याची शिस्त काय असते हे त्या अंतरावरून कळते.

यादवी युद्धात मार्च १८६२ मध्ये केंद्रीय नौदलाने हा किनारा जिंकला. जनरल शर्मनच्या जानेवारी १८६५ च्या आदेशाने ही सर्व बेटे मुक्त झालेल्या लोकांच्या वसाहतीसाठी राखून ठेवण्यात आली होती. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो निर्णय फिरवला आणि जमिनी जुन्या मालकांकडे गेल्या. बेटाच्या उत्तर टोकाला मुक्त झालेल्यांच्या काही कुटुंबांनी लहान लहान तुकडे मिळवून वस्ती केली. तिला नुसते ‘सेटलमेंट’ म्हणजे वसाहत म्हणत. त्यांनी १८९३ मध्ये स्थापलेले फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्च १९३७ मध्ये पुन्हा बांधले गेले. एकाच खोलीचे, पांढऱ्या रंगाचे ते छोटे लाकडी प्रार्थनागृह अजून उभे आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये जॉन एफ. केनेडी (धाकटे) यांचा विवाह तेथे झाल्याने त्याला प्रसिद्धी मिळाली. प्रार्थनेसाठी ते बांधणाऱ्यांची नावे त्या मानाने क्वचित घेतली जातात.

दक्षिण टोकाला याच सुमारास दुसरीच सृष्टी उभी राहत होती. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचा भाऊ आणि भागीदार थॉमस कार्नेगी याने १८८० च्या दशकाच्या आरंभी डंजनेसची जमीन घेतली आणि जळून गेलेल्या टॅबीच्या वाड्याच्या जागी नवा प्रासाद बांधला. तो १८८६ मध्ये वारला. नऊ मुलांसह मागे राहिलेल्या त्याच्या पत्नीने, ल्यूसी कार्नेगी हिने, पुढच्या काळात बेटाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग एकत्र केला आणि मुलांसाठी प्लम ऑर्चर्डसारखी घरे बांधली. तिने केलेली विश्वस्तव्यवस्था मात्र घरांपेक्षा महत्त्वाची ठरली: तिच्या अपत्यांपैकी शेवटचे हयात असेपर्यंत बेटावरील ही मालमत्ता विकायची नाही. ल्यूसी १९१६ मध्ये गेली आणि शेवटची मुलगी १९६२ मध्ये. मधल्या सेहेचाळीस वर्षांत दक्षिणेकडील एकेका बेटावर पूल, हॉटेले आणि बंगले आले; कंबरलँड त्या एका दस्तऐवजामुळे बाजूला राहिले. कापसाची शेते झाडीने भरली. दुर्लक्षित डंजनेस १९५९ मध्ये जळाला आणि त्याच्या भिंती आजही तशाच उभ्या आहेत.

विश्वस्तव्यवस्था संपत आली तसे बेटावर डोळे वळले. एका कंपनीला टेकड्यांच्या वाळूतील टायटॅनियमयुक्त खनिज काढायचे होते. चांद्रमोहिमेच्या प्रक्षेपणतळासाठी १९६१ मध्ये ज्या जागांचा विचार झाला त्यांत कंबरलँडही होते. सर्वांत गंभीर प्रस्ताव चार्ल्स फ्रेझर या विकासकाचा होता. हिल्टन हेड बेटावर वृक्ष राखून वसाहत उभारल्याबद्दल त्याचे नाव झाले होते, आणि १९६८ मध्ये त्याने कार्नेगी वारसांकडून सुमारे तीन हजार एकर घेतले. जॉन मॅकफी या लेखकाने पर्यावरणवादी डेव्हिड ब्राउअर आणि फ्रेझर यांची याच बेटावर घडवलेली भेट आपल्या १९७१ च्या ग्रंथात नोंदवली आहे. वारसांपैकी अनेकांनी विरोध केला, फ्रेझरने जमीन विकली, मेलन प्रतिष्ठानच्या ७५ लाख डॉलरच्या देणगीने खरेदीला बळ मिळाले आणि २३ ऑक्टोबर १९७२ रोजी कंबरलँड बेट राष्ट्रीय सागरकिनारा स्थापन करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता किंवा बांध बांधता येणार नाही, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. मोटारींचा प्रश्न खरा तेथे मिटला. गर्दीवरची मर्यादा आणि फेरीची वेळापत्रके ही त्या एका वाक्याची पुढची पावले आहेत. जमीन देताना हक्क राखून ठेवलेले काही रहिवासी व उद्यानाचे कर्मचारी आजही बेटावर वाहने चालवतात, म्हणून बेट मोटारमुक्त आहे ते पाहुण्यांपुरते, ही गोष्ट स्पष्ट ठेवली पाहिजे.

त्यानंतर दहा वर्षांनी बेटाच्या उत्तर भागातील ८,८४० एकरांना अरण्यक्षेत्राचा दर्जा मिळाला. अमेरिकी कायद्यात याचा अर्थ यंत्रवाहनांना मज्जाव. अडचण अशी की सेटलमेंट आणि तिचे चर्च याच भागाच्या पलीकडे आहेत आणि तेथे जाणारा जुना मातीचा रस्ता अरण्यातून जातो. उद्यान प्रशासनाने त्या रस्त्यावरून पाहुण्यांना व्हॅनने नेण्यास सुरुवात केली, तेव्हा अरण्यरक्षणाचे काम करणारी संस्था न्यायालयात गेली आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने अशा फेऱ्या अरण्य कायद्याचा भंग करतात असा निर्णय दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने कायदा करून तो रस्ता अरण्याच्या सीमेबाहेर काढला आणि फेऱ्या चालू ठेवण्यास सांगितले. अरण्यवाद्यांना तो पराभव वाटला. न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या शब्दांना धरून होता यात शंका नाही. पण अरण्य म्हणून ज्या भूमीची कल्पना केली गेली, तीत सेटलमेंटच्या माणसांना जागाच नव्हती.

बेटावर मोकाट फिरणारे सुमारे दीडशे घोडे याच गोंधळाचे दुसरे उदाहरण आहेत. प्रवाशांना ते अरण्याचे प्रतीक वाटतात, स्पॅनिश काळाशी त्यांचा संबंध जोडणाऱ्या कथा आहेत, परंतु प्रत्यक्षात ते नंतरच्या मळेवाल्यांनी आणि कार्नेगींनी आणलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज आहेत. त्यांना चारा किंवा औषधोपचार दिला जात नाही. खाजणातील गवत आणि टेकड्यांना धरून ठेवणाऱ्या वनस्पती ते खातात आणि स्वतःही खडतर आयुष्य जगतात. बेटाचा खरा मूळ रहिवासी लॉगरहेड कासव आहे. मे ते ऑगस्ट या महिन्यांत मादी रात्री पुळणीवर चढते, मागच्या वल्ह्यांनी सुरईसारखा खड्डा उकरते, त्यात शंभराहून अधिक अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि पहाटेपूर्वी परत जाते. मागे दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे असलेला रुंद माग राहतो. सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले सर्वांत उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे, धावतात. पूल झाला असता तर त्याबरोबर दिवेही आले असते आणि ही दिशा चुकली असती.

फेरीच्या धक्क्यापासून सेटलमेंट सुमारे २५ किलोमीटर आहे, त्यामुळे एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याला पायी तेथे जाऊन संध्याकाळची फेरी गाठता येत नाही आणि तो डंजनेसचे भग्नावशेष व पुळण पाहून परततो. मळेवाल्यांचे दक्षिण टोक सहज दिसावे आणि मुक्त झालेल्यांचे उत्तर टोक दृष्टीआड राहावे, हे न्याय्य नाही. म्हणून उत्तरेकडची मर्यादित वाहनफेरी चालू राहिली पाहिजे, आणि कंबरलँडला जाणाऱ्याने दोन दिवस शक्य नसतील तर एक दिवस तरी त्या फेरीसाठी राखून ठेवावा.